बायोइन्फर्मेटिक्सची सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. पुढे बायोइन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्रीय माहितीच्या संगणकीय विश्लेषणात, करिअर करण्याची इच्छा आहे. कोणी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला सांगतात, कोणी आर ही भाषा. एका खासगी क्लासने तर थेट मशीन लर्निंगचा महागडा कोर्स सुचवला आहे. बारावीनंतर माझा गणिताशी संबंध उरलेला नाही. हाताशी वर्षभराचा वेळ आणि एक साधा लॅपटॉप आहे. आधी काय शिकावे?

उत्तर : पायथॉन की आर हा वाद तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपली खरी अडचण गणित सुटल्याच्या त्या एका वाक्यात आहे. या क्षेत्रात येणारे जीवशास्त्राचे बहुतेक विद्यार्थी प्रोग्रॅमिंगच्या मागे लागतात आणि संख्याशास्त्र टाळतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा.

समजा, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या मानवी पेशींमध्ये कोणती जनुके कमी-अधिक सक्रिय आहेत, हे आपण ताडून पाहिले. माणसात प्रथिनांचे संकेत देणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. प्रत्येकासाठी स्वतंत्र चाचणी घेऊन ०.०५ ही प्रचलित मर्यादा (म्हणजे परिणाम नसतानाही तो दिसण्याची पाच टक्के शक्यता) लावली, तर औषधाचा काडीचाही परिणाम झालेला नसताना जवळपास १,००० जनुके निव्वळ योगायोगाने ‘बदललेली’ दिसतील. यावर बेंजामिनी आणि होचबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेली, अशा खोट्या निष्कर्षांचे प्रमाण आवाक्यात ठेवणारी दुरुस्ती सर्रास वापरली जाते आणि सॉफ्टवेअर ती एका ओळीत करूनही देते. मात्र ती का करायची आणि उरलेल्या यादीवर कितपत विश्वास ठेवायचा, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हातातील उत्तर सुबक दिसले तरी निरुपयोगी असते. जनुकक्रम डेटाबेसशी जुळवून पाहणाऱ्या ब्लास्ट या साधनातील ई-व्हॅल्यूचेही (तेवढी चांगली जुळणी योगायोगाने किती वेळा सापडेल, याचा अंदाज) तसेच आहे. तीच जुळणी अधिक मोठ्या डेटाबेसमध्ये शोधली की हा आकडा वाढतो, आणि त्यामागचे कारण संभाव्यतेत आहे. म्हणून संभाव्यता, वितरणे, परिकल्पना-चाचणी आणि समाश्रयण (रिग्रेशन) एवढे विषय कागद-पेन घेऊन नीट करावेत. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) थांबू शकते.

त्याच्या जोडीने लिनक्स या संगणकप्रणालीची कमांड लाइन, म्हणजे आदेश टाइप करून काम करण्याची पद्धत, शिकावी. विंडोज न काढताही ती लॅपटॉपवर बसवता येते. जनुकक्रमाच्या फाइली लाखो ओळींच्या असतात आणि त्या एक्सेलमध्ये उघडण्याचा मोह महागात पडतो. एक्सेल ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा जनुकनामांच्या परस्पर तारखा करून टाकत असे, आणि हा घोळ इतका पसरला की मानवी जनुकांच्या नामकरणाचे काम पाहणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर सुधारण्यापेक्षा जनुकांचे पुन्हा बारसे करणे सोपे ठरले म्हणायचे!

भाषेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर पायथॉनपासून सुरुवात करावी. जनुक-अभिव्यक्तीच्या (कोणते जनुक किती सक्रिय आहे, याच्या) विश्लेषणाकडे वळलात, तर बायोकंडक्टर या आरमधील साधनसंचामुळे आर शिकावीच लागेल, पण एक भाषा पक्की झाल्यावर दुसरी जड जात नाही.

सरावासाठी मानवी जनुकसंचाच्या (जीनोमच्या) वाटेला जाऊ नये. त्यात सुमारे ३०० कोटी बेस-जोड्या असतात, तर ई. कोलाय या जिवाणूच्या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या के-१२ वाणात सुमारे ४६ लाख. एवढे काम साधा लॅपटॉप पेलतो. एनसीबीआय या अमेरिकी जैवमाहिती संस्थेच्या संग्रहातून एखाद्या प्रसिद्ध शोधनिबंधातील जिवाणूची कच्ची माहिती विनामूल्य उतरवून घ्यावी, तिची गुणवत्ता तपासावी, प्रतिजैविक-रोधाची जनुके शोधावीत आणि आपले निष्कर्ष निबंधाशी पडताळून पाहावेत. ते जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, हे शोधताना आपले सूक्ष्मजीवशास्त्रच कामी येईल, कारण नमुना दूषित होता की प्लास्मिड (जिवाणूतील गुणसूत्राबाहेरचा डीएनए) निसटला, ही शंका केवळ संगणक शिकलेल्याला सहसा येत नाही.

एम.एस्सी.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील बायोइन्फर्मेटिक्स केंद्राचा जरूर विचार करावा. ते १९८७ पासून कार्यरत आहे. मशीन लर्निंगच्या कोर्सचे पैसे मात्र सध्या भरू नयेत. संख्याशास्त्राची वर सांगितलेली तयारी झाल्यावर त्याच क्लासचा अभ्यासक्रम पुन्हा वाचून पाहावा. त्यातील किती भाग एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर विनामूल्य मिळतो, हे तेव्हा आपले आपल्यालाच ठरवता येईल.