सगळ्यांचं बीपी १२०/८०

मी समुपदेशक. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली येऊ लागतात. मी नाशिकला असल्यामुळे सुरगाणा, कळवण, धुळे, नंदुरबार इकडच्या जास्त. बहुतेक जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा), थोड्या बीएस्सीच्या. प्रश्न ठरलेला: "मॅडम, मला नर्सिंग झेपेल का?" त्याच्या मागोमाग येणारं वाक्यही ठरलेलं: "माझं इंग्लिश कच्चं आहे."

सविताही (नाव बदललंय, लिहायला तिची परवानगी आहे) हेच म्हणत आली. वडील सोबत होते. "एवढी फी भरली आन् आता घरी येते म्हणते," एवढं बोलून ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

पहिल्या तीन भेटी मी इंग्रजीवरच घालवल्या. सांगितलं ते चुकीचं नव्हतं, आजही सांगते. धडा आधी मराठीत समजून घ्यायचा, मग इंग्रजी शब्द त्यावर चढवायचा. वैद्यकातले अवघड शब्द तुकड्यांचे असतात. शेवटी 'आयटिस' आलं की दाह: हेपॅटायटिस यकृताचा, नेफ्रायटिस मूत्रपिंडाचा. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद. असे चाळीसेक तुकडे कळले की पुस्तक निम्मं ओळखीचं होतं. शिवाय रोज सलाइनचं एक गणित. ५०० मिली ८ तासांत द्यायचंय, सेट मिलीला १५ थेंबांचा, तर मिनिटाला साधारण १६ थेंब. पोळ्या लाटता लाटता जमेल इतकं ते हातात बसायला हवं.

सविताने सगळं केलं. युनिट टेस्टला मार्क वाढले, रडणं मात्र थांबलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चौथ्या भेटीत मी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हटलं, "काल वॉर्डात काय काय केलंस ते सकाळपासून सांग."

बेड आवरले, टेंपरेचर घेतलं, पल्स घेतली, बीपी घेतलं. इथे ती थांबली.

"किती आलं बीपी?"

"एकशेवीस-ऐंशी."

"कोणाचं?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "सगळ्यांचं."

तिला स्टेथोस्कोपमधून नाडीचा आवाजच ऐकू येत नव्हता. दोन महिने. पहिल्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "आला ना आवाज?" बाकीच्या मुली हो म्हणाल्या, म्हणून हीही हो म्हणाली. त्यानंतर 'नाही' म्हणायची सोय उरली नाही. रात्री झोप लागायची नाही, कारण अकरा नंबरच्या आजींना खरंच बीपीचा त्रास होता.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. मला माणसाच्या बोलण्यातला हट्टाचा 'च' आधी ऐकू येतो. "पहिल्या वर्षाच्या मुलीला आवाज यायलाच पाहिजे," ती म्हणाली. मी विचारलं, "हा 'च' कोणी लावला?" खूप वेळाने उत्तर आलं, "मीच." आणि आपल्याच उत्तरातला 'च' ऐकून तिला हसू फुटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. वीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि हा माझ्यामुळे आला असं मला वाटतं, ते लपवत नाही.

मात्र मूळ भीती मला तीन भेटी दिसली नव्हती. इंग्रजी येत नाही हे सांगणं सोपं असतं. त्यात गावाला, शाळेला दोष देता येतो. "मला ऐकू आलं नाही" हे एकटीचं असतं.

नोंदी खोट्या होत्या, तेव्हा नुसतं समजून घेऊन भागणार नव्हतं. त्याच संध्याकाळी सिस्टरांना सांगायचं असं ठरलं. त्या ओरडल्या, चांगल्याच. सगळ्यांचं बीपी स्वतः पुन्हा घेतलं. मग तिला स्टुलावर बसवलं आणि स्टेथोस्कोप हातात घेऊन बघितला. ही कानातली टोकं उलटी घालत होती! ती नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. कोपराच्या आतल्या बाजूला नाडी आधी बोटाने शोधायची, हवा सावकाश सोडायची. दहा मिनिटांचं काम.

म्हणून आता पहिल्याच भेटीत मी मार्कांआधी विचारते, "वॉर्डात कुठली गोष्ट येत नसताना 'येते' म्हणालीस?" बहुतेकींकडे एक तरी निघते. इंजेक्शनची मात्रा, नळी घालणं, काहीही. ती त्याच आठवड्यात ट्युटरला किंवा सिस्टरला सांगायची. वाक्यही पाठ करून घेते: "सिस्टर, मला खात्री नाही, एकदा दाखवा." औषधाच्या ट्रेजवळ उभं राहून हे म्हणता येणं तोंडी परीक्षेपेक्षा मोठं आहे.

करिअरचं मी थोडक्यात सांगते. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लांबवू नका. एम्सची नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) द्यायची असेल तर जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा पहिली नोकरी निवडताना पगाराइतक्याच खाटाही मोजा. आणि अनुभवाचं पत्र नोकरी सोडतानाच हातात घ्या.

शेवटच्या भेटीला सविता स्वतःचं बीपीचं यंत्र घेऊन आली. माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, मान तिरकी करून ऐकत राहिली. मग पट्टा सैल केला.

"मॅडम, पहिला आवाज निसटला माझा. पाच मिनिटं गप्प बसा, परत घेते."