‘गुलाम’ की ‘गुलाम केलेली माणसे’?

अटलांटिक गुलामव्यापारावरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे की, मूळ लेखकाने ‘स्लेव्ह’ हा शब्द जाणीवपूर्वक टाळून सर्वत्र ‘एन्स्लेव्ह्ड पीपल’ असे लिहिले आहे, तर मराठीत ‘गुलाम’ एवढे पुरेसे होईल की दर वेळी ‘गुलाम बनवलेल्या व्यक्ती’ असे लिहावे. दर वेळी लिहू नये, परंतु काही ठिकाणी तसे लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे मत आहे.

‘गुलाम’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा पहिला अर्थ ‘मुलगा, तरुण’ असा आहे; त्यावरून ‘चाकर’ आणि मग ‘विकत घेतलेला चाकर’ अशी अर्थाची वाटचाल झाली आणि फारसीच्या मार्गाने तो मराठीत रुळला. पत्त्यांत राजा-राणीच्या पाठोपाठ गुलाम येतो आणि खोड्या करणाऱ्या पोराला आजीही ‘गुलाम लेकाचा’ असे कौतुकाने म्हणते. शाळेत आपण दिल्लीचे गुलाम घराणे शिकतो आणि गुलाम सिंहासनावर कसा, असा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. मलिक अंबर हा आफ्रिकेतून विकला जात दख्खनेत आलेला हबशी निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, हे तर आपल्या घरचेच उदाहरण आहे. याचा अर्थ इकडची गुलामी सौम्य होती असा मात्र कोणी काढू नये, कारण पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे बटकींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. एवढेच म्हणायचे आहे की मराठी ‘गुलाम’ शब्दात चाकरी, मर्जी आणि क्वचित बढती यांची छटा मिसळलेली आहे.

अटलांटिकपलीकडच्या व्यवस्थेत ही छटा जवळजवळ नाही. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली असा कायदा केला की, मुलाचे स्वातंत्र्य वा दास्य आईच्या स्थितीवरून ठरेल. म्हणजे मालकापासून झालेले मूलसुद्धा मालकाच्याच मालमत्तेत जमा होऊ लागले आणि दास्य वर्णाला व वंशाला कायमचे चिकटले. स्पॅनिश वसाहतींना माणसे पुरवण्याच्या करारांत तर ‘पिएसा दे इंदियास’ असे एक माप होते, आणि त्यातल्या ‘पिएसा’ला मराठीत ‘नग’ हाच नेमका शब्द आहे. धडधाकट तरुण पुरुष म्हणजे पूर्ण एक नग. मुले, वृद्ध आणि आजारी माणसे त्याच्या अंशात मोजली जात, त्यामुळे करारातला आकडा आणि जहाजातली डोकी यांचा मेळ बसत नसे. आपण एखाद्या वल्लीला ‘काय नग आहे’ म्हणून हसतो, तोच शब्द इथे वापरला की अंगावर काटा येतो, आणि अनुवादकाने तो वापरावाच. १७८१ साली ‘झाँग’ नावाच्या जहाजावरून सुमारे १३० जिवंत माणसे समुद्रात फेकण्यात आली आणि मालकांनी त्यांचा विमा मागितला; तो खटला खुनाचा म्हणून नव्हे, तर मालाच्या नुकसानीचा म्हणून चालला.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘आफ्रिकेतून गुलाम आणले’ हे वाक्य मराठीत सर्रास आढळते आणि खरी अडचण त्याच वाक्यात आहे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यांत शेतकरी होते, लोहार होते, लेकुरवाळ्या बायका होत्या. पुष्कळ जण लढायांत धरले जाऊन किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना विकले गेले होते. त्यांना ‘गुलाम’ हे जणू जन्मजात विशेषण लावले की धरणारा, विकणारा आणि विकत घेणारा असे तिन्ही कर्ते वाक्यातून नाहीसे होतात. म्हणून जिथे लेखक स्वतःच्या आवाजात बोलतो, तिथे ‘माणसे धरून नेली आणि त्यांना गुलाम केले’ असे क्रियापद वापरून लिहावे. ‘गुलाम बनवलेल्या व्यक्ती’ या विशेषणाच्या लांबलचक शेपटापेक्षा ते मराठीला अधिक मानवते. जिथे कायदा, लिलावाची जाहिरात किंवा मालकाची वही बोलते, तिथे मात्र ‘गुलाम’ हाच शब्द ठेवावा. तो सौम्य केल्यास त्या कागदाचा निर्दयपणा आपणच झाकल्यासारखे होईल.

‘गुलामगिरी’ऐवजी ‘दास्यप्रथा’ घ्यावी का, असेही त्यांनी विचारले आहे. त्याची गरज वाटत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले, ते अमेरिकेत गुलामगिरी रद्द झाल्यानंतर आठ वर्षांनी, आणि त्याची अर्पणपत्रिका नीग्रोंच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना उद्देशून आहे. फारसी ‘गिरी’ प्रत्ययाचा हा शब्द इतक्या जुन्या काळापासून अटलांटिकपलीकडच्या अनुभवाशी जोडलेला असताना तो बाजूला सारण्याचे कारण दिसत नाही.

शेवटी अनुवादातल्या एका वाक्याविषयी. ‘ब्रिटिश सरकारने १८३३च्या कायद्यानुसार गुलामांची २ कोटी पौंड भरपाई दिली’ असे त्यांनी लिहिले आहे. मराठी षष्ठी इथे घात करते, कारण ते पैसे गुलामांना मिळाले असा अर्थ कोणीही घेईल. प्रत्यक्षात ती सगळी रक्कम मालकांच्या हाती गेली, मुक्त झालेल्यांना एक पैसाही मिळाला नाही, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली केली. म्हणून तिथे ‘गुलाम हातचे गेल्याबद्दल मालकांना दिलेली भरपाई’ असे लिहावे. वाक्य थोडे लांबले तरी चालेल.