ऊन एकवटायचं की वळवायचं?

प्रश्न असा आहे: अंतराळवस्तीत वीज आणि उजेड मिळावा म्हणून आरशांनी सूर्यप्रकाश ‘कॉन्सन्ट्रेट’ करायचा, तर त्याला ‘केंद्रीकरण’ म्हणावं का?

मी तरी म्हणणार नाही. केंद्रीकरण म्हटलं की सत्ता आणि कारभार आठवतो. त्याहून मोठी अडचण शास्त्रातली आहे. अंतर्वक्र आरशावर आलेले समांतर किरण जिथे भेटतात, त्या जागेला शाळेच्या पुस्तकात ‘नाभी’ म्हणतात. ‘केंद्र’ हा शब्द वक्रता केंद्राला, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा असतो त्याच्या केंद्राला, आधीच देऊन टाकलेला आहे आणि आरशापासून नाभी असते त्याच्या निम्म्या अंतरावर. किरण केंद्रावर जमतच नाहीत! ‘कॉन्सन्ट्रेटेड’साठीचा दुसरा शब्द ‘संहत’, पण तो आम्लाला शोभतो, उन्हाला नाही.

यासाठी ‘एकवटणे’ हे क्रियापद मला फार आवडतं. बळ एकवटतं, लक्ष एकवटतं, तसं भिंगाखाली ऊन एकवटतं. भिंगाने कागद पेटवताना नीट पाहिलंत तर दिसेल, ठिपका कितीही बारीक केला तरी त्याचा बिंदू होत नाही. सूर्याची थाळी आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, तिचीच ती छोटी प्रतिमा असते. नाभीय अंतर एक मीटर असेल तर साधारण 9 मिलिमीटरची. 1998 साली सुटलेल्या ‘डीप स्पेस 1’ यानाने भिंगं लावून सौरघटांवर ऊन एकवटलं होतं. विजेसाठी हा शब्द चपखल आहे.

उजेडाचं मात्र वेगळं आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी 1970च्या दशकात कल्पिलेल्या दंडगोल वस्तीला बाहेरून तीन लांबच लांब सपाट आरसे होते. खिडक्यांतून ऊन आत टाकायचं आणि कोन बदलून दिवस-रात्र घडवायची, एवढंच त्यांचं काम. पृथ्वीजवळच्या अवकाशात चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट ऊन आयतंच मिळतं, ते एकवटलं तर माणसं भाजतील. म्हणून इथे ‘वळवणे’ म्हणावं.

किंवा सरळ ‘कवडसा पाडणे’! लहानपणी हातातल्या आरशाने भिंतीवर पाडायचो तोच. 4 फेब्रुवारी 1993 रोजी रशियाच्या ‘झ्नाम्या 2’ या 20 मीटरच्या आरशाने कक्षेतून युरोपवर असाच कवडसा पाडला होता, सुमारे 5 किलोमीटर रुंदीचा. आरसा एवढासा आणि कवडसा एवढा, कारण पुन्हा तीच अर्ध्या अंशाची थाळी: अंतर वाढेल तसा कवडसा पसरतो.

आणखी एक, प्रश्नात ‘वसाहत’ न लिहिता ‘वस्ती’ लिहिलंय ते छान. वसाहतीला परक्या राज्याचा वास येतो.

तेव्हा विजेसाठी एकवटणे, उजेडासाठी वळवणे. गुरूजवळ वस्ती केली तर गोष्ट निराळी. तिथे ऊन इथल्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढंच पोचतं, त्यामुळे उजेडासाठीही ते एकवटावंच लागेल.