एन्कोडिंगचे तक्ते सार्वजनिक करण्यापूर्वी

एन्कोडिंगचा तक्ता, म्हणजे प्रत्येक बाइटला युनिकोडमधले (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातले) कोणते अक्षर हे सांगणारा २५६ नोंदींचा ॲरे (क्रमवार यादी), तुम्ही लायब्ररीच्या सार्वजनिक इंटरफेसमध्ये, म्हणजे इतरांचे प्रोग्रॅम थेट वापरू शकतील अशा भागात, ठेवायचे म्हणता. माझा आग्रह आहे की तसे करू नका. एकदा तो बाहेर गेला की त्याची लांबी, त्याचा क्रम, रिकाम्या जागी भरलेली खुणेची किंमतसुद्धा लोक गृहीत धरू लागतात, आणि उद्या जागा वाचवण्यासाठी तुम्ही तोच तक्ता दोन पातळ्यांत विभागला तर त्यांचे प्रोग्रॅम मोडतात. सी भाषेत हा धोका अधिक खोल आहे. लिनक्सवर शेअर्ड (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशा) लायब्ररीतल्या ॲरेचा आकार तो वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिंक करतानाच, म्हणजे प्रोग्रॅम लायब्ररीशी जोडतानाच, कोरला जाऊ शकतो, त्यामुळे नव्या आवृत्तीत वाढवलेल्या नोंदी जुन्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाहीत. जावा भाषेत ॲरे ‘फायनल’ केला, म्हणजे त्या नावाला दुसरा ॲरे देता येणार नाही असे ठरवले, तरी त्यातल्या नोंदी कोणालाही बदलता येतात, हेही लक्षात असू द्या.

त्याऐवजी बाइट घेऊन अक्षर देणारे, आणि जुळणी नसल्यास तसे स्पष्ट कळवणारे फंक्शन द्या. वेगाची तक्रार आलीच, तर अख्खा बफर (मेमरीतला बाइटांचा सलग साठा) एकदम रूपांतरित करणारे दुसरे द्या; बहुतेकांची गरज तेवढ्यावर भागते. बेस६४ मध्ये (कोणतेही बाइट ६४ साध्या चिन्हांत लिहिण्याच्या पद्धतीत) मात्र वर्णमाला, म्हणजे त्या चिन्हांचा संच, निवडू देणे रास्तच आहे, कारण आरएफसी ४६४८ या तिच्या मानक दस्तऐवजामध्येच शेवटच्या दोन चिन्हांपुरत्या वेगळ्या अशा दोन वर्णमाला दिल्या आहेत. पण तिथेही तक्ता नव्हे, निवडीचा पर्याय द्यावा. तपासणीसाठी ज्यांना खरोखर संपूर्ण तक्ताच लागतो, त्यांना त्याची प्रत बनवून द्या, मूळ ॲरेचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नको.