भाषाविज्ञानात एमए करायचंय, कुठली शाखा घेऊ? स्कोप कशात आहे?

प्रश्नात ‘स्कोप’ शब्द दिसला आणि हातातला चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. मराठी घेऊन बीए झालंय, राहायला नाशिकरोडला, तुला बोलींचं काम आवडतं आणि घरचे म्हणतात कॉम्प्युटेशनल घे, म्हणजे कॉम्प्युटरला भाषा शिकवायची शाखा. एवढंच लिहिलंयस, पण मला सगळं घर दिसलं. एकेरी लिहितेय, राग मानू नको.

आधी एक सांगते, शाखा आत्ता ठरवायची घाई करू नको. एमएला सुरुवातीला ध्वनी, रूप, वाक्य, अर्थ असं सगळंच थोडं थोडं गळ्यात पडतं, आणि आपल्याला काय झेपत नाही ते तिथेच कळतं. मी २०१५ ला पुण्याला गेले ती स्वनविज्ञानच (फोनेटिक्स, म्हणजे बोलण्यातल्या ध्वनींचा अभ्यास) करायचं म्हणून. कारण काय, तर माझा कान चांगला आहे असा माझा समज. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा हे मला शाळेत असताना आपोआप लक्षात आलं होतं, बाईंना विचारलं तर म्हणाल्या गप्प बस.

जायच्या आधी दिवाळीत नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी दाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, फोनेटिक्स म्हणजे स्पोकन इंग्लिशचा क्लास ना? मी म्हटलं नाही, मला आजीच्या अहिराणीवर, खानदेशातल्या बोलीवर, काम करायचंय. ते हसले. म्हणे अहिराणी म्हणजे अशुद्ध मराठी, त्यावर डिग्री कोण देतं, कॉम्प्युटरमधलं काहीतरी घे नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. आई माझी सटाण्याकडची, ती ताटं उचलून आत गेली. सिडकोत आल्यापासून तिने घराबाहेर कधी ‘शे’ (अहिराणीतलं ‘आहे’) म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तर दुसऱ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला अहिराणीतला ळ. म्हणजे आपण काळा म्हणतो तिकडे काया, डोळा डोया, जवळ जवय. चाळीस शब्दांची यादी केली, मे महिन्यात ठक्कर बाजारातून सटाण्याची लाल एसटी पकडली, आजीला ओसरीवर बसवलं, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि चित्रं दाखवत गेले. आजी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. आणि एकेक शब्द म्हणते कसा, ‘डोळा. काळा. शाळा.’ ळ असा खणखणीत की आकाशवाणीवर लावावा! चाळीसपैकी एकही य नाही. मी म्हटलं आजी अशी बोलतेस का तू रोज? तर म्हणे पुण्याच्या सरांना ऐकवायचंय ना, चांगलं बोलायला नको? मी वैतागून फोन बंद केला, ती चुलीकडे गेली आणि आतून आवाज आला, ‘डोयामा धूर गया वं!’

दुसऱ्या दिवशी मामाकडे कांदा चाळीत भरायचं काम चालू होतं, तिथे शेजारच्या काकांशी आजीची भावावरून जुंपली. मी फोन गुपचूप ओढणीच्या गाठीत बांधून उभी. ‘इतला कमी भाव! मन्हा कांदा काया शे का?’ असा य सगळीकडे, मी नुसती नाचायची बाकी राहिले. पुण्याला येऊन ते प्रातमध्ये टाकलं (ॲमस्टरडॅमच्या दोघांनी बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, आजच घे), तर ओढणीची खसखस, पाट्या ओतल्याचा आवाज, वारा, स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं स्क्रीनवर उमटणारं चित्र) म्हणजे नुसती राख. स्वनविज्ञानाला शून्य उपयोग. रडवेली होऊन मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली आणि म्हणाल्या, ‘अगं मग हेच लिही की.’ आजी कुणासमोर ळ बोलते आणि कुणासमोर य, हे. मग त्यांनी मला विल्यम लबोव्ह हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ वाचायला दिला. त्याने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत फिरून विक्रेत्यांना मुद्दाम चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारला, का तर ‘फोर्थ फ्लोअर’मधला र कोण उच्चारतो आणि कोण गिळतो ते त्यांच्या नकळत ऐकायचं होतं. झालं, मी समाजभाषाविज्ञानात (कोण कुणासमोर कसं बोलतं त्याचा अभ्यास) गेले ती तिथेच राहिले.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘त्याने आंबा खाल्ला’, मग माझा ‘ने’ कुठे गेला, या प्रश्नाने झोप उडत असेल तर वाक्यविचार घे. ऐतिहासिकची आवड असेल तर पांडवलेणीवर जा, तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे, लोक त्याच्यासमोर सेल्फी काढून खाली उतरतात. कॉम्प्युटेशनल वाईट नाही, पण कोडिंग आणि गणित मनापासून आवडत असेल तरच, घरच्यांनी सांगितलं म्हणून नको. मी एक पेपर घेतला होता, पायथनने मला आणि मी पायथनला सोडलं. प्रवेशासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, दिल्लीचं जेएनयू बघ, कॉम्प्युटेशनलच करायचं तर ट्रिपल आयटी हैदराबाद. नेट (प्राध्यापकीसाठीची परीक्षा) भाषाविज्ञानातूनही देता येते.

आणि अशुद्ध मराठीचं म्हणाल तर दाजी, ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या पाहणीत मराठी सातव्या खंडात घातली आणि खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, नवव्यात, भिली भाषांच्या सोबत. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजलीय, १८ लाखांच्या वर माणसं. (नातं नेमकं कुणाशी जवळचं यावर अभ्यासक अजून भांडतात, ते मान्य.) ‘मी जास, तू जास, तो जास’, तिन्हीकडे क्रियापद एकच, हे मराठीत करून दाखवा.

सध्या मी नाशिकमधूनच घरी बसून एका कंपनीसाठी मराठी आवाजाचा डेटा तपासते, म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवाल्यांचं काम. मालेगाव-कळवणकडची क्लिप आली की आधीच्या माणसाने ‘ऑडिओ खराब’ असा शेरा मारलेला असतो. ऑडिओ स्वच्छ असतो, त्याला ‘शे’ कळलेला नसतो. हे काम मला मिळालं ते आजीमुळे.

पण खरं सांगायचं तर पगार कॉम्प्युटेशनलवाल्यांना जास्त आहे, बराच जास्त, आणि घरी कर्ज असेल तर वरचं माझं सगळं विसरून तेच घे. माझ्यावर कर्ज नव्हतं.

आणि बोलींचंच ठरलं तर रेकॉर्डिंग करताना फोन फ्लाइट मोडवर टाक. माझं ते चाळीतलं रेकॉर्डिंग चौदाव्या मिनिटाला तुटलंय, आजी ऐन रंगात असताना. दाजींचा कॉल आला होता, बँकेचा फॉर्म भरला का विचारायला.