बोरचं पाणी आणि दाढीचा फेस

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गेवराई तालुक्यातला. दोन महिन्यांपूर्वी नोकरीतून निवृत्त झालो आणि गावाबाहेरच्या प्लॉटवर बांधलेल्या घरात राहायला आलो. तिथे पाणी बोरचं. मुलाने दाढीचा चांगला गोल साबण, वाटी आणि ब्रश भेट दिला. पण फेस धरतच नाही. येतो तो पातळ, आणि ब्लेड लावेपर्यंत विरतो. दाढी झाल्यावर कितीही पाणी मारलं तरी गाल चिकट लागतात, मग ओढल्यासारखे होतात. बेसिनला करडा राप बसलाय, ब्रशचे केस मेणचट झालेत. साबण बनावट निघाला का? मुलगा विचारतो तेव्हा मी ‘छान आहे’ म्हणतो. खरं काय ते सांगा.

उत्तर : साबण बनावट नाही, ब्रशही धड आहे. मुलाला खुशाल ‘छान आहे’ म्हणा. तुमच्या बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत आणि ते साबण खाताहेत.

मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होते. पाठ्यपुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात आणि फेस देणाऱ्या पाण्याला ‘सुफेन’. फळ्यावर हे शब्द मी किती वर्षं लिहिले असतील! पण त्यांचा अर्थ मला वडिलांच्या गालावर कळला.

वडील एसटीत वाहक होते. ड्यूटी पहाटे चारची असो की दुपारची, दाढी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, बोलणंही गेलं, तेव्हा मी त्यांना गावाहून माझ्याकडे आणलं. त्यांची दाढी करायचं काम माझ्याकडे आलं. पितळी वाटी, त्यात साबणाची वडी, ब्रश, सगळं त्यांचंच. गावाकडे त्या वाटीतून दह्यासारखा घट्ट फेस निघायचा, लहानपणी मी तो बोटाने उचलून घेत असे. माझ्या घरी वापरायला बोरचं पाणी, तिथे मात्र ताकावरच्या पाण्यासारखा. फेस येईना म्हणून मी पाणी वाढवत गेले. जितकं वाढवलं तितका फेस बसत गेला, वाटीच्या कडेला करड्या कण्या दिसायला लागल्या. ब्लेड अडखळून चालायचं. हनुवटीखाली दोनदा रक्त आलं. ते काही बोलू शकत नव्हते, डोळे मिटून घ्यायचे.

आठव्या-नवव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि रांजणाकडे बोट केलं. मला वाटलं, तहान लागली. तांब्या भरून ओठाला लावला तर त्यांनी मान फिरवली. मग माझ्या हातातला ब्रश ओढून त्या तांब्यात बुडवला. रांजणात नळाचं पाणी असायचं, मांजरा धरणाचं, पिण्यापुरतं भरून ठेवलेलं. त्या पाण्यात तोच साबण, तोच ब्रश. मिनिटभरात वाटी भरून आली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाणी बाटल्यांत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. ५० मिलिलिटर पाणी, त्यात बफर (पाण्याचा आम्ल-अल्कपणा स्थिर ठेवणारं द्रावण), वर एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगद्रव्याची चिमूट. पाणी द्राक्षारसासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या उभ्या नळीतून, ईडीटीए या रसायनाचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला एकेक करून पकडतं. शेवटचा आयन पकडला गेला की लाल रंग जांभळट होत होत एकदम स्वच्छ निळा होतो. नळाच्या पाण्याला ९ मिलिलिटर लागलं. बोरच्या पाण्याला मी थेंब मोजत राहिले, ३२ झालं तेव्हा कुठे निळा आला. त्या द्रावणाचा एक मिलिलिटर एक मिलिग्रॅम क्षार पकडतो, म्हणजे लिटरला १८० मिलिग्रॅम आणि ६४० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

आता घडतं काय? दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार. ते पाण्यात विरघळतात म्हणून फेस होतो. कॅल्शियम भेटलं की साबण सोडियम-पोटॅशियमची संगत सोडतो आणि कॅल्शियमला चिकटतो. हा जो कॅल्शियमचा साबण, तो पाण्यात विरघळत नाही, फेसही देत नाही. तुमच्या बेसिनवरचा राप, ब्रशवरचं मेण आणि गालावरचा चिकटपणा, तिन्ही तेच. घरची डाळही बघा. आमच्या आईला ब्युरेट ठाऊक नव्हतं, पण ‘ह्या पाण्यात डाळ शिजंना’ म्हणाली की ते पाणी दुष्फेन हे पक्कं. साबण अडवणारं कॅल्शियम डाळीलाही मऊ होऊ देत नाही.

आता एक हिशेब सांगते, तो मला फार मोलाचा वाटतो. ५०० मिलिग्रॅम क्षारांचं एक लिटर पाणी साधारण ३ ग्रॅम साबण वाया घालवतं. दाढीचा फेस करायला पाणी लागतं किती? चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर. तेवढ्यात साबण जातो ०.०६ ग्रॅम, तो ब्रशवर थोडा जास्त घेतला की भरून निघतो. पण तोंड धुवायला आपण तांब्याभर पाणी घेतो. अर्धा लिटर पाणी दीड ग्रॅम साबणाला पुरून उरतं, आणि दाढी संपताना गालावर असतो जेमतेम ग्रॅमभर. म्हणजे धुताना गालावरचा सगळा साबण जागच्या जागी चिकट होऊन बसतो. तुम्ही पाणी मारत राहता आणि ते जाईना. खरं नुकसान फेस करताना कमी आणि धुताना जास्त होतं. लोक नेमके चांगलं पाणी फेसापुरतं वापरतात आणि धुवायला बोरचा नळ सोडतात!

तेव्हा असं करा. चांगल्या पाण्याचा अर्धा लिटरचा एक तांब्या दाढीसाठी बाजूला ठेवा. पावसाचं धरलेलं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही, नाहीतर फिल्टरच्या जारचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. त्यामुळे यापेक्षा जास्त पाणी वापरा असं मी कुणाला सांगणार नाही, आणि तितकं लागतही नाही. दाढीआधी तोंड बोरच्या गरम पाण्याने भिजवलं तर चालेल, साबण अजून लागलेला नसतो. मग तांब्यातलं थोडं पाणी वाटीत काढून त्यात ब्रश भिजवा, निथळवा आणि वडीवर तीस-चाळीस सेकंद घोळवा, ब्रशवर लोण्यासारखा लगदा चढेपर्यंत. पाणी त्यानंतर, चमच्या-चमच्याने. रेझर बुडवायची कटोरीसुद्धा याच पाण्याची. दाढी झाली की तांब्यातल्या पाण्याने चार-पाच ओंजळी मारून साबण पुरता काढून टाका, मग वरून बोरचं पाणी हवं तितकं घ्या. हा क्रम उलटा करू नका. तळाशी उरेल त्यात ब्रश खळबळून, झटकून, केस खाली करून टांगा.

जार नसेल तर पाणी उकळा. आपल्या काळ्या खडकातल्या पाण्यात बायकार्बोनेटं बरीच असतात. दहा मिनिटं खळखळ उकळून, निवू देऊन, न हलवता वरचं ओतून घ्या. भांड्याच्या तळाला जो पांढरा थर राहतो, तो पाण्यातून निघालेला चुना. क्लोराइड-सल्फेटमुळे आलेली दुष्फेनता मात्र उकळून जात नाही. गिझरचं पाणी उकळत नाही, नुसतं तापतं, त्यावर भरवसा नको. आणि आरओ मशीन नळीतून बाहेर टाकतं ते वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा, दाढीला कधीच नको. मूळ पाण्यापेक्षा त्यात क्षार जास्त असतात.

साबण बदलायचाच झाला तर वेष्टनावर ‘ईडीटीए’ शब्द शोधा. ब्युरेटमध्ये भरलं होतं तेच हे, थोडं साबणात घातलेलं. ट्यूबमधलं क्रीम घेऊन सुटका होईल असं समजू नका, तेही बहुतेक वेळा साबणच असतं.

प्रश्न : सेलूहून लिहिते. घरात तिघे दाढी करणारे. बेसिन आणि खालची शहाबादी फरशी दोन्ही पांढुरकी-चिकट झालीत. कामवाली बाई घासून दमते. ॲसिड टाकू का?

उत्तर : फरशीवर नको! शहाबादी म्हणजे चुनखडकच. ॲसिडने डाग जाण्याआधी दगड खाल्ला जाईल, खरबरीत होईल आणि मग राप आणखी धरेल. फरशीला गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास भिजवा, मग ताठ ब्रशने घासा. सोड्याने हात सोलतात, बाईंना हातमोजे द्या.

चिनीमातीचं बेसिन असेल तर गोष्ट वेगळी. मगभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घाला, कापड भिजवून पंधरा मिनिटं बेसिनवर पसरा. आम्लाने कॅल्शियम सुटतं, पण साबणातलं स्निग्ध आम्ल मागे राहतं, म्हणून बेसिन ओशट लागेल. ‘काही उपयोग नाही’ म्हणून बऱ्याच जणी इथे सोडून देतात. त्यावर लगेच भांड्यांचं लिक्विड फिरवा, दोन्ही मिळून काम होतं. ब्रशलाही हेच, फक्त आम्ल चमचाभर आणि वेळ पाच मिनिटं. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : लातूरला होस्टेलवर राहतो. टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवतो, तरी फेस येत नाही. तुरटी कमी पडते का?

उत्तर : तुरटी गाळ खाली बसवते. विरघळलेल्या कॅल्शियमला ती हात लावत नाही. उलट तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाशी मिळून आणखी एक न विरघळणारा साबण करतं, म्हणून तुरटी वाढवाल तर फेस अजून कमी होईल. दाढीचं पाणी बिनतुरटीचं ठेव. तुरटीचा खडा गालावर फिरवायचा तो दाढीनंतर, साबण पूर्ण धुतल्यावर, आणि कापलं असेल तिथेच.