वाघाटी, वागाटी आणि डाल्झेलची 'वागाटिया'

प्रश्न असा आहे: आषाढी द्वादशीला आमच्याकडे वाघाट्याची भाजी होते. 'वागाटिया स्पिकाटा' या वेलीचं शास्त्रीय नाव डाल्झेल नावाच्या साहेबाने मराठी शब्दावरून ठेवलं, असं वाचलं. ही आपलीच वाघाटी का? आणि लिहायचं कसं, वाघाटी की वागाटी?

शब्द आपलाच, पण वेल ती नव्हे. हा घोटाळा मराठीत नाही, लिपीत झाला आहे.

द्वादशीची वाघाटी म्हणजे कॅपॅरिस झेलॅनिका. तिच्या फळाला वाघाटं किंवा गोविंदफळ म्हणतात. एकादशीच्या सुमारास बाजारात टोपल्या दिसू लागतात आणि बारस सोडताना तिची कडवट भाजी पानात लागते. तिला संस्कृतात व्याघ्रनखी म्हणतात, कारण काटे वाघनखासारखे आकडेबाज. पण 'व्याघ्रनखी'तून 'वाघाटी' निघणार नाही, 'नखी'चा 'टी' होत नाही. जुन्या लिखाणात वाघांटी असं अनुस्वारासकट रूप भेटतं. ते धरलं तर मला 'व्याघ्रघंटी' हे मूळ जास्त पटतं. व्याघ्रचा वाघ होतो, घंटीची घांटी होते आणि लागोपाठ आलेल्या दोन 'घ'पैकी एक गळतो. लांब देठावर लोंबणारी अंडाकृती फळं पाहिली की घंटाही आठवते. हा माझा तर्क आहे, पण ध्वनींचे नियम त्याच्या बाजूने आहेत.

डाल्झेलने वर्णन केलेली वेल वेगळी. कोकणात आणि घाटावरच्या जंगलात ती वाकेरी म्हणून जास्त ओळखली जाते. वागाटी हे तिचं दुसरं नाव. काटे हिलाही आकडेबाज, हीही झाडांवर चढते. हिवाळ्यात शेंदरी आणि पिवळ्या फुलांचे लांब तुरे उभे राहतात, कणसासारखे. 'स्पिकाटा'चा अर्थ तोच, कणीसवाली. ही वेल पहिल्यांदा फुललेली पाहिली तेव्हा मी वाटेतच थांबलो होतो. हिरव्या रानात एवढा भडक रंग अचानक समोर येतो.

आता ध्वनीकडे येऊ. डाल्झेलने रोमन लिपीत 'ग' लिहिला, 'घ' नाही. त्याने कोणता ऐकला? त्या अक्षरांवरून ठरवता येत नाही. 'घ'मधला हकार साहेबांच्या कानातून निसटायचा आणि ऐकू आला तरी लॅटिन वळणाच्या नावात त्याला जागा नव्हती. पुढे शेवटची 'ई' जाऊन 'इया' आलं आणि वागाटीची वागाटिया झाली. म्हणून या लॅटिन रूपाचा पुरावा देऊन 'मूळ मराठी शब्दात ग होता' असं कुणी म्हटलं तर मानू नये. दोन्ही वेली काटेरी, दोन्ही वाघनखाच्या. एकीचं नाव दुसरीला चिकटणं रानातल्या बोलीत नवल नाही.

गंमत म्हणजे ज्याने हे नाव दिलं त्याच्या आडनावाचीही लिपीने अशीच दशा केली होती. स्कॉटलंडात हे आडनाव परंपरेने 'डी-एल' असं उच्चारतात. त्यात दिसणारा 'झेड' मुळात झेड नव्हेच. स्कॉट लिपीत 'योख' नावाचं एक जुनं अक्षर होतं. छापखान्यांकडे त्याचा खिळा नसे, म्हणून दिसायला जवळचं अक्षर बसवलं गेलं आणि जगाने झ वाचला. आपण मराठीत डाल्झेल लिहितो ते छापलेलं पाहून.

निकल अलेक्झांडर डाल्झेल १८१७ साली एडिनबरोला जन्मला. तिथेच शिकून १८४१ मध्ये मुंबईला आला, तो जकात खात्यात. म्हणजे पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. पण कोकणपट्टीत हिंडताना त्याने इतकी झाडं जमवली की, लंडनजवळच्या क्यूच्या वनस्पती-बागेचे संचालक विल्यम हूकर यांच्या नियतकालिकात त्याची वर्णनं हप्त्याहप्त्याने येऊ लागली. वागाटिया त्यातलीच, १८५१ ची. पुढे सिंधमध्ये वनखात्यात काम करून तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याच्या आधी त्या जागेवर अलेक्झांडर गिब्सन होता. दोघांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' काढला, भायखळ्याच्या छापखान्यातून. १८७० मध्ये डाल्झेल निवृत्त झाला.

मला त्याचं महत्त्व वाटतं ते नाव ठेवण्याच्या पद्धतीमुळे. दोनपदी नावांची रीत घालणाऱ्या लिनियसने अठराव्या शतकातच बजावलं होतं की ग्रीक-लॅटिनबाहेरचे रानटी शब्द प्रजातीच्या नावात नकोत. प्रजाती म्हणजे दोनपदी नावातलं पहिलं पद, कुळाच्या आडनावासारखं. मग उरत असे साहेबांचा सन्मान. डाल्झेलनेही तेच केलं आहे. जुन्नरकडच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी त्याच्या हातून 'फ्रेरिया' झाली, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावाने. त्याच्या स्वतःच्या नावाची 'डाल्झेलिया' रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने केली, ओढ्यातल्या खडकांना चिकटून वाढणारी. पण वागाटियाच्या वेळी या माणसाने गावकऱ्याच्या तोंडचा शब्द उचलून पहिल्या पदावर बसवला. कारवीची 'कार्विया' व्हायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं लागली.

उलट्या दिशेचं उदाहरणही डाल्झेलपाशीच सापडतं. रत्नागिरीच्या सड्यांवर पावसाच्या सुरुवातीला फुलणारं एक पांढरं कंदफूल त्याने वर्णिलं आणि नावात कोकण घातलं. पुढे ते 'डिपकाडी' या प्रजातीत गेलं. ते नाव युरोपात ठेवलेलं, मराठीशी संबंध नसलेलं. पण आज आपण त्या फुलाला दीपकाडी म्हणतो आणि काडीवर दिवा ठेवल्यासारखं ते दिसतंही. शब्दाला अर्थ मागून मिळाला, आणि तो इतका चपखल बसला की मूळ मराठीच वाटावा.

वागाटिया मात्र टिकली नाही. फ्रेंच अभ्यासक आदांसों याने १७६३ मध्ये दिलेलं 'मोलावा' हे नाव त्याच वेलीच्या प्रजातीचं ठरलं, आणि जुन्या नावाला अग्रक्रम हा नियम आहे. आता वाकेरी मोलावा स्पिकाटा. वागाटिया समानार्थी नावांच्या यादीत गेली, तरी डाल्झेलने दिलेलं 'स्पिकाटा' पद कायम आहे.

लिहिताना भाजीसाठी वाघाटी लिहावं, 'घ'सकट. फळ एक असेल तर वाघाटं, अनेक असतील तर वाघाटी, भाजी वाघाट्याची. दुसऱ्या वेलीला वाकेरी म्हटलं की घोळच राहत नाही. रानात खात्री करायची तर पान पाहा. वाघाटीचं साधं, एकेकटं असतं. वाकेरीचं शिकेकाईसारखं अनेक पानोळ्यांचं. शिवाय वाकेरीला शेंगा येतात, आणि द्वादशीच्या भाजीत शेंगा नसतात.